नाहीसाहेबांची दुरुस्ती

आमदारकीला तीस वर्षं होत आली, तरी नाहीसाहेबांचं खरं नाव निवडणुकीच्या पत्रकांवर सोडलं तर फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. सभागृहातले शिपाई, वार्ताहर, विरोधक आणि पाठ फिरली की त्यांच्याच पक्षाचे लोकसुद्धा त्यांना नाहीसाहेब म्हणत. विधेयक कुठलंही असो, त्यात काही नवीन असलं की अध्यक्ष 'विरोधात असतील त्यांनी उभं राहावं' असं म्हणायच्या आत नाहीसाहेब उभे असायचे. एकदा तर चहाच्या सुट्टीचा प्रस्ताव होता आणि तेव्हाही ते अर्धे उठले होते म्हणतात. ही थाप असेलही, पण ऐकणाऱ्याला खरी वाटायची यातच सगळं आलं.

त्यांचं भाषण लिहून घेणाऱ्या ताईंना मात्र ही थाप वाटत नव्हती, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ताई सभागृहाच्या प्रतिवेदक. अध्यक्षांच्या आसनासमोर, खालच्या मोकळ्या जागेत एक लांब टेबल असतं. तिथं बसून दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं सदस्यांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये टिपायचं, पाळी संपली की उठून खोलीत जायचं, ते टाइप करायचं, की पुढची पाळी. बावीस वर्षं हेच. नाहीसाहेबांची जागा पहिल्या रांगेत, टेबलापासून चार हातांवर, त्यामुळे त्यांचा खोकलासुद्धा ताईंना ओळखू यायचा.

ताईंना त्यांचं एकही मत पटत नव्हतं. मुलींच्या वसतिगृहाचं दार रात्री आठऐवजी दहाला बंद करा, अशी मागणी आली तेव्हा ते म्हणाले होते, 'दहापर्यंत दार उघडं ठेवायचं तर त्याला वसतिगृह म्हणू नका, स्टेशन म्हणा.' दुसऱ्या दिवशी मुलींनी त्यांच्या फाटकाला चाळीस कुलपं ठोकली. साहेबांनी किल्लीवाल्याला बोलावून सगळी उघडून घेतली, आणि चांगली कुलपं आहेत म्हणून गावातल्या शाळांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात बाप भाजी चिरत होता आणि आई गाडी चालवत होती, तो धडा त्यांनी काढायला लावला. घटस्फोटाची मुदत कमी करायची चर्चा निघाली तेव्हा ती वाढवा म्हणून दीड तास बोलले. पेपरवाल्यांचं त्यांच्यावर पोट भरायचं, आणि माफी मागा म्हटलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं: बोललो ते बोललो.

माणूस पूर्वी गणिताचा मास्तर. कुणाच्या पाच पैशाला हात लावला नाही, भाच्याला नोकरी लावली नाही, सरकारी गाडी घरच्या कामाला फिरवली नाही. त्यामुळे शिव्या देणाऱ्यांनाही त्या जरा जपून द्याव्या लागत.

ताईंना त्यांच्याबद्दल खरं कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. प्रत्येक भाषणाची टाइप केलेली प्रत संध्याकाळी सदस्याकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्यानं ती तपासून परत द्यायची असते. शुद्धलेखन, एखादा चुकलेला आकडा सुधारता येतो, अर्थ बदलता येत नाही. पण ऐकतो कोण! लोक पानंच्या पानं लाल करून पाठवतात. एका महाशयांनी 'मूर्ख' खोडून तिथं 'सन्माननीय' लिहून पाठवलं होतं. नाहीसाहेबांची प्रत मात्र तीस वर्षांत एकदाही लाल झाली नव्हती. खाली दोन शब्द आणि सही: 'दुरुस्ती नाही.' असा कसा माणूस असतो, ज्याला आपला एकही शब्द परत घ्यावासा वाटत नाही? ताई स्वतः भाजीवाल्याशी बोललेलंसुद्धा घरी येईपर्यंत तीनदा मनात दुरुस्त करायच्या.

त्या दिवशी आईच्या सहीचं विधेयक होतं. शाळेत मुलाचं नाव घालताना अर्जावर वडिलांचीच सही लागते, त्याऐवजी आईची एकटीची सही चालावी, एवढंच ते विधेयक. दोन पानांचं. पण त्यावर सभागृह सरळ दुभंगलं होतं आणि दोन्हीकडचे लोक बोटांवर मतं मोजत होते.

चार वीसला ताई टेबलावर बसल्या आणि नाहीसाहेब बोलायला उठले. काळा कोट, वरपर्यंत लावलेली बटणं. 'अध्यक्ष महोदय, अर्जावर वडिलांच्या सहीची जी जागा आहे ती कागदावरची जागा नाही, ती घरातली जागा आहे. ती काढून घेतलीत तर बापाला घरात उभं राहायला जागा उरणार नाही.' त्यांच्या बाजूचे बाक वाजले. ताईंची पेन्सिल नेहमीच्या गतीनं चालली होती.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक तरुण आमदार बाई उसळून उठली. 'आणि ज्या घरात बाप मुळात उभाच नाही, त्या घरातल्या पोरानं कुठं जायचं?'

एरवी असला टोमणा साहेब उभ्या उभ्या परतवायचे. या खेपेला ते थांबले. ताईंनी मान वर केली, कारण पेन्सिलला काम नव्हतं आणि साहेबांच्या भाषणात असं कधी होत नसे. इकडे वेळ संपली, लाल दिवा लागला आणि ध्वनिक्षेपक खट्कन बंद झाला. दोन्हीकडून आरडाओरडा चाललेला. साहेब उभेच होते. चष्मा काढून घडी घालत, कुणाकडेही न बघता, साध्या आवाजात म्हणाले:

'माझ्या आईनं वडिलांची सही स्वतः केली. बारा वर्षं केली. मी शेजारी उभा असायचो.'

आणि खाली बसले.

गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ताईंना गेलं. आपण काय ऐकलं ते डोक्यात शिरायच्या आधी पेन्सिलनं ते वहीत उतरवलंही होतं.

अर्ध्या तासानं मतदान झालं; पाळी संपूनही ताई त्यासाठी थांबल्या होत्या. बाजूचे उभे राहिले, अठ्ठावन्न. विरोधातले उभे राहिले, एकोणसाठ. पहिल्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभे राहिलेले नाहीसाहेबच होते. विधेयक एका मतानं पडलं.

खोलीत येऊन ताईंनी पाळी टाइप केली आणि त्या तीन वाक्यांपाशी हात थांबवला. मग ध्वनिमुद्रणाचा टेप लावून ऐकला. 'कुठं जायचं?' हा प्रश्न, पाठोपाठ खट् असा आवाज, आणि पुढं नुसती खरखर. साहेबांचं एक अक्षर नव्हतं.

'टेपमध्ये नाही ना? मग झालं तर,' त्यांच्या खांद्यावरून वाचत मुख्य प्रतिवेदक म्हणाले. हे ताईंचे वरिष्ठ. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर ताई बसणार हे जवळपास ठरलेलं होतं. 'काढून टाका ती तीन वाक्यं. नसती आफत कशाला?'

'नियम तसा नाही, साहेब.'

नियम कसा आहे हे त्या खोलीत कुणाला सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एक मंत्री ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर उभ्या उभ्या पुटपुटले होते की पुराचं सामान आपल्याच माणसांना जाईल. मंत्री नाहीसाहेबांच्याच पक्षाचे. तरी नाहीसाहेबांनी सभागृह डोक्यावर घेतलं, प्रतिवेदकाची वही मागवली, आणि अध्यक्षांकडून निर्णय वदवून घेतला: सदस्य उभा आहे तोवर त्याचा शब्द नोंदीत येईल, ध्वनिक्षेपक चालू असो वा नसो. मंत्र्यांचं पद गेलं. नाहीसाहेबांचं तिकीट गेलं. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले, मग पक्षच नाक मुठीत धरून त्यांच्या दारी गेला.

'तो नियम त्यांनीच घालून दिलाय, ठाऊक आहे मला,' मुख्य म्हणाले. 'पण ताई, जरा विचार करा. हे छापलं तर म्हातारा संपला. बारा वर्षं खोटी सही! आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात डोकावणारा माणूस. पेपरवाले सालटी काढतील. आणि समजा ते म्हणाले, मी असं बोललोच नाही? टेप त्यांच्या बाजूनं. मग तुमच्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? चार महिन्यांवर आलंय हो सगळं.'

म्हणजे पणाला काय लागलंय ते अगदी स्पष्ट होतं. साहेबांची तीस वर्षं, आणि ताईंची बावीस. तीन वाक्यं काढली तर दोन्ही शाबूत राहणार होती, आणि कुणाला पत्ताही लागणार नव्हता. ताई घाबरल्या नव्हत्या असं मुळीच नाही, त्यांची पाचावर धारण बसली होती. पण ऐकलेलं गाळायचं कसं, हे त्यांना खरोखर येत नव्हतं. त्यांनी वाक्यं तशीच ठेवली आणि प्रत पाकिटात घालून साहेबांच्या निवासाकडे रवाना केली. मुख्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

घरी लेकीनं दार उघडता उघडताच विचारलं, 'एका मतानं? रेडिओवर ऐकलं मी.' लेक एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. प्रवेशाचे दिवस असल्यामुळे ती बोलून बोलून घसा बसवून घरी यायची.

'छापून आलं की वाच,' ताई म्हणाल्या. नोंद छापली जाईपर्यंत सभागृहातलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा शिरस्ता.

'काय वाचायचंय त्यात? तुझे ते नाहीसाहेब म्हणे आज फॉर्मात होते. त्यांना एकदा माझ्या खिडकीवर बसा म्हणावं. आजसुद्धा तीन बायका परत पाठवल्या.' लेकीनं चहाचा कप पुढे केला. 'चौथीनं अर्ज नेला आणि दहा मिनिटांत सही घेऊन आली. नवरा दोन वर्षं बेपत्ता, आणि दहा मिनिटांत सही!'

'मग काय केलंस?'

'काय करणार? घेतला अर्ज. कळतं गं आम्हाला. बाप सही करतो ती घाईत, अर्धी रेघेच्या बाहेर. बाई नवऱ्याची सही करते ना, ती फार सावकाश करते. अक्षरन् अक्षर नीट. बघितलं की ओळखू येतं. पण ते पोर शेजारी उभं असतं आणि सारखं आपल्या तोंडाकडे बघत असतं.'

सांगून टाकावं असं इतकं मनात आलं की ताई उठून उगाच गॅलरीत गेल्या. साहेबांच्या वेळचा कारकून कोण असेल? त्याला कळलं असेल का? आणि ज्या माणसानं हे सगळं पाहिलंय तोच माणूस अर्ध्या तासानं विरोधात उभा कसा राहतो? हा शेवटचा प्रश्न काही केल्या सुटत नव्हता, आणि राग तर इतका आला होता की जेवणात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रतिवेदकांच्या खोलीत कुणाचं कामात चित्त नव्हतं. साहेबांची प्रत रोज दहाच्या ठोक्याला त्यांचा स्वीय सहायक आणून द्यायचा. दहा वाजले, अकरा वाजले, सहायकाचा पत्ता नाही. 'आता बघा, वकिलाला घेऊन येतात,' मुख्य म्हणाले आणि टेप दोनदा तपासून आले.

साडेअकराला दार ढकलून साहेब स्वतः आत आले. एकटेच. तीस वर्षांत या खोलीत त्यांचं हे पहिलं पाऊल. सगळे ताडकन उठले, आणि एवढ्या गडबडीत त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

'काल चार वीसची पाळी कुणाची?'

'माझी, साहेब.' ताईंचा आवाज जरा बारीक निघाला.

मुख्य लगबगीनं पुढे झाले. 'साहेब, टेप अगदी स्वच्छ आहे. त्यात तसं काहीच नाही. आपण फक्त म्हणालात तर...'

'मी तुम्हाला विचारलं नाही,' साहेब म्हणाले. मास्तर असताना वर्गात असेच बोलत असणार. मग ताईंकडे वळून, 'वही दाखवता का बाई? टाइप केलेलं नको. वही.'

ताईंनी वही उघडून पुढे धरली. पानभर बारीक वळणं, आडव्या-तिरप्या रेघा, ठिपके. साहेब चष्मा लावून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले, फळ्यावरचं न सुटणारं गणित बघावं तसे.

'यात आई कुठं आहे?'

ताईंनी पेन्सिलच्या टोकानं दाखवलं. एक आखूड रेघ आणि शेजारी ठिपका.

'एवढीच?'

'नेहमी लागणाऱ्या शब्दांना आम्ही छोट्या खुणा ठेवतो, साहेब.'

त्यांनी मान हलवली. 'तुम्ही हे कानानं ऐकलंत?'

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. मुख्य तर डोळ्यांनी तोच शब्द पुढे ढकलत होते. 'ऐकलं, साहेब,' ताई म्हणाल्या. 'आपण उभे होता.'

'उभा होतो खरा.' साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्रत काढून टेबलावर ठेवली. शेवटच्या पानावर नेहमीचं अक्षर, नेहमीचे दोन शब्द: दुरुस्ती नाही. खाली सही. ताईंच्या जिवात जीव आला. मुख्य मात्र मटकन खुर्चीत बसले.

आता साहेब जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले नाहीत. कोटाचं वरचं बटण चाचपत तिथंच घुटमळले. आणि ताईंनी बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. सदस्याला प्रश्न विचारायचा नसतो, आपण फक्त लिहायचं असतं, हे माहीत असून विचारलं. 'साहेब, मग मतदानाला विरोधात का उभे राहिलात?'

कुणीतरी दचकून पेन खाली पाडलं. साहेबांना राग आलेला दिसला नाही.

'वर्गात सगळ्या पोरांच्या सह्या खऱ्या होत्या, बाई. माझीच खोटी,' ते म्हणाले. 'रोज वाटायचं, आज मास्तर उभं करणार. आई चोरून करायची, दार लावून. म्हणून मला वाटलं, चोरून करतात ते वाईटच असणार. तेव्हाच ठरवलं होतं, मोठं झाल्यावर आपण खऱ्या सहीच्या बाजूला राहायचं. राहिलो. काल ती पोरगी ओरडली, आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं की आईला दार लावायला लावलं कुणी?'

'पण त्यानंतर अर्ध्या तासानं मतदान झालं.'

'झालं ना. मी आईचाच विचार करत बसलो होतो. विरोधात असतील त्यांनी, एवढं कानावर पडलं आणि पाय उभे राहिले. तीस वर्षं त्याच शब्दाला उठतायत ते. आकडा पुकारला तेव्हा कळलं की मी उभा आहे.'

ताईंना काय वाटलं ते सांगणं सोपं नाही. त्या माणसाची दया आली, अगदी आतून आली. आणि त्याच वेळी असा संताप आला की वही त्याच्या अंगावर फेकावी. तीन बायका परत गेल्या होत्या काल एका खिडकीवरून. आज किती गेल्या असतील.

'मताची दुरुस्ती कुठल्या कागदावर करतात?' साहेबांनी विचारलं.

नियमांची पुस्तकं ज्याला तोंडपाठ, त्या माणसानं हे विचारावं! मुख्यांनीसुद्धा मान खाली घातली.

'मताला दुरुस्तीचा कागद नसतो, साहेब,' ताई म्हणाल्या. 'भाषणालाच असतो.'

'आणि हेच विधेयक पुन्हा?'

'वर्षभर आणता येत नाही.'

'वर्षभर,' साहेब म्हणाले. मग शेजारची खुर्ची ओढून, कुणी बसा म्हटलेलं नसताना, ते बसले. कोटाची वरची दोन बटणं काढली. बटणं काढलेले साहेब कुणीच कधी पाहिले नव्हते. ते एकदम कुणाच्याही घरातल्या म्हाताऱ्यासारखे दिसायला लागले.

'एका मतानं पडलं ना?'

'एका मतानं.'

'माझ्या?'

एकोणसाठ जण उभे होते, त्यातल्या कुणाचंही म्हणता आलं असतं. मास्तरांच्या गणितातही ते बरोबर ठरलं असतं, आणि म्हातारा बिचारा तेवढ्यावर घरी गेला असता. ताईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण तो त्यांच्याकडे बघत होता, शाळेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पोरासारखा, आणि त्यानं विचारलं होतं.

'हो, साहेब,' ताई म्हणाल्या. 'तुमच्याच.'